आटलेल्या नदीचं पात्र रंगमंचावर: जमीन खरी कशी वाटेल?

भुईवेडी

नमस्कार मंडळी,

आमच्या गटाच्या नव्या नाटकाचं नेपथ्य माझ्याकडे आलंय. दोन्ही अंक एकाच जागी घडतात, उन्हाळ्यात आटलेल्या नदीच्या पात्रात. काठाला वाळलेलं गवत, मग गोट्यांचा पट्टा, मग भेगाळलेला गाळ आणि मधोमध वाळू. दुसऱ्या अंकात नाटकातली बाई त्या वाळूत हातांनी झरा उकरते आणि पाणी लागतं. सगळं नाटक त्या एका क्षणाकडे वाहत जातं, त्यामुळे तिथे जमीन खोटी वाटून चालणार नाही.

रंगमंच ९ मीटर रुंद, ६ मीटर खोल. बाई अनवाणी, पुरुषाच्या पायांत चपला. प्रयोग वेगवेगळ्या नाट्यगृहांत होणार आणि सेट लावायला हातात ३ तास.

गेल्या आठवड्यात एक तुकडा करून पाहिला. प्लायवर गोणपाट चिकटवलं, त्यावर रंगाचे चार हात. फोटोत फार छान दिसत होता. तालमीत नट त्यावरून चालला आणि ढब, ढब, ढब. पोकळ फळीचा आवाज. त्यानंतर मला त्या तुकड्याचा रंगसुद्धा खोटा वाटायला लागला, जो पाच मिनिटांपूर्वी आवडला होता.

आता मनात येतंय की सरळ खरी वाळू आणि खरी मातीच पसरावी. कुणी केलंय का?

विंगेतला

केलंय, आणि त्याचा हिशेब आधी मांडतो. कोरड्या वाळूचं वजन घनमीटरला साधारण १६०० किलो. तुमचा रंगमंच ५४ चौरस मीटर. फक्त ५ सेंटिमीटरचा थर दिलात तरी २.७ घनमीटर, म्हणजे ४३०० किलोच्या वर. चौरस मीटरला ८० किलो हा आकडा ऐकायला मोठा नाही, चांगल्या रंगमंचाला तो पेलतोही. पण हे ४३०० किलो प्रत्येक प्रयोगाला कुणीतरी पोत्यांतून आत आणायचं, पसरायचं, भरायचं आणि परत न्यायचं. ३ तासांत ते होत नाही. शिवाय खाली सरकते भाग किंवा तळदारं असली तर त्यांची झाकणं किती भार पेलतात, हे नाट्यगृहाकडून लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वजनापेक्षा मला धुळीची काळजी जास्त. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. दिसणारे कण त्रास देत नाहीत, न दिसणारे देतात. अतिसूक्ष्म सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि रोज तालीम करणारा नट, रोज झाडू मारणारा मुलगा यांच्या श्वासात ती जाते. वाळू वापरायचीच तर धुतलेली, चाळलेली वापरा आणि कोरडी कधी झाडू नका. आधी हलकं पाणी शिंपडायचं, मग ओढायची.

बागेची माती तर बंद जागेत आणूच नये. तिच्यात बुरशी असते, किडे असतात, आणि कुंड्यांच्या मातीतून लिजिओनेला जातीचे जिवाणू माणसात गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. दिव्यांची ऊब आणि वरून शिंपडलेलं पाणी मिळालं की त्यांना आणखी काय हवं?

अनवाणी

विंगेतला यांचं सगळं मान्य करूनही मी खऱ्या मातीच्या बाजूनं बोलणार आहे, कारण मी त्यावर उभी राहिले आहे.

जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशनं १९७५ साली ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ बसवलं तेव्हा सगळ्या रंगमंचावर पीट माती, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती, पसरली होती. नर्तकांचे पाय तिच्यात रुततात, ती घामाला चिकटते, प्रयोग संपेपर्यंत अंगावर आणि कपड्यांवर चढते. दमणूक दाखवावी लागत नाही, ती जमीनच आणते. मी स्वतः एका छोट्या प्रयोगात वाळूवर अर्धा तास होते. लाकडावर आपण टाच टेकवून चालतो. वाळूत टाच खाली जाते, पोटरी ओढते, पाऊल थोडं बाहेर वळतं, पावलागणिक अर्धा क्षण उशीर होतो. हे मला कुणी शिकवलं नाही. जमीन खरी आहे हे प्रेक्षकाला माझ्या गुडघ्यांवरून कळत होतं.

रंगवलेल्या प्लायवर नट नकळत घरातल्यासारखा चालतो. कितीही सुंदर रंगवा.

विंगेतला

तुमचा मुद्दा शंभर टक्के पटतो. पण बाउशच्या चमूत ती माती पसरणारी माणसं असतात आणि जागाही तशी असते. उलट बाजूचं उदाहरण देतो. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकनं १९८५ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों महोत्सवात महाभारत केलं ते दगडाच्या खाणीत. त्याला खरी जमीन हवी होती तेव्हा तो नाटक घेऊन जमिनीकडे गेला. आपल्याला नाट्यगृहातून नाट्यगृहात जायचंय.

भुईवेडी, एकच विचारतो. बाई वाळूला हात कुठे लावते? सगळ्या ५४ चौरस मीटरमध्ये, की एकाच जागी?

भुईवेडी

एकाच जागी. मध्यभागापासून थोडं डावीकडे, पुढच्या कडेपासून ३ मीटर आत. बाकी ठिकाणी ती चालते, एकदा पडते, एकदा गाळावर बसते.

विंगेतला

मग उत्तर जवळपास मिळालं. खरं तिथेच ठेवा जिथे त्याला हात लागतो. ६० बाय ६० सेंटिमीटरचा, १२ सेंटिमीटर खोल ट्रे घ्या. त्यात ४३ लिटर वाळू बसते, कोरडी असताना सुमारे ७० किलो. दोन माणसं चार बादल्यांतून ती आणतात. ट्रेच्या खाली स्वतंत्र आधार द्या, कारण बाई तिथे गुडघ्यांवर वाकणार आहे. बाकीची जमीन बनवा, पण पायांना फसवेल अशी बनवा.

रंगलेप

धागा वाचतोय, फार जिव्हाळ्याचा विषय आहे. रंगकामावर सविस्तर लिहितो.

कुंचला हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुमची नदी रंगमंचावर कुठून कुठे वाहत होती? हे ठरल्याशिवाय एक गोटाही ठेवू नका. पाणी गेलं तरी दिशा मागे राहते. चपटे गोटे एकमेकांवर कौलांसारखे रेललेले असतात आणि त्यांचा उतार प्रवाह ज्या बाजूनं यायचा त्या बाजूला असतो. मोठ्या दगडाच्या आडोशाला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, बारीक वाळूची शेपटी साठते. वाळूवरच्या लाटांची चढण वरच्या अंगाला सौम्य आणि खालच्या अंगाला उभी असते. गवतसुद्धा शेवटच्या पुरानं निजवलेलं असतं, सगळं एकाच दिशेला. प्रेक्षकाला यातलं काही सांगता येणार नाही, पण दगड कसेही टाकले असतील तर काहीतरी चुकतंय हे त्याला जाणवतं. मी पूर्वी गोटे ‘नैसर्गिक दिसतील असे’ विखरून टाकायचो आणि ते नेहमी विखरून टाकल्यासारखेच दिसायचे.

आता भेगा. हात आपोआप सारखी षटकोनी जाळी काढायला जातो. नुकत्याच वाळलेल्या गाळात तसं नसतं. आधी एक लांब भेग पडते. तिच्या कडेला आडवा ताण सुटलेला असतो, भेगेच्या लांबीच्या दिशेनं मात्र तो शिल्लक असतो. म्हणून नंतरची भेग पहिलीला येऊन काटकोनात मिळते आणि तिथेच थांबते. मग त्या चौकटीत आणखी बारीक भेगा. तेव्हा क्रमानं काढा: आधी लांब, मग मधल्या, मग लहान, आणि तिठे काटकोनी ठेवा. ओलं होणं आणि वाळणं अनेकदा झालं की तिठे हळूहळू १२० अंशांकडे सरकतात आणि तेव्हा षटकोन दिसतात. तुमच्या पात्रात दरवर्षी नवा गाळ येत असेल तर काटकोनच खरे. गाळ जाड तिथे तुकडे मोठे, काठाकडे पातळ होत जातो तिथे लहान. वरचा थर आधी आक्रसतो आणि खालचा अजून ओला असतो, म्हणून तुकड्यांच्या कडा वर वळतात.

बनवायला मी १० मिलिमीटरची ईव्हीए फोमची चादर वापरतो, व्यायामाच्या चटयांना असते तसली. धारदार सुरीनं तिरकी कड ठेवून तुकडे कापायचे, गरम हवेच्या बंदुकीनं कडा किंचित वर वळवायच्या आणि कॅनव्हासवर चिकटवायचे. फोम ज्वालारोधक दर्जाचाच घ्या आणि तापवताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा. वरून लेप: चाळलेला लाकडाचा भुसा दोन भाग, सुताराचा पांढरा गोंद एक भाग, मॅट इमल्शन रंग एक भाग. हात ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको, एक पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको, नाहीतर आतून बुरशी धरते. जिथे चालायचं तिथे कडा ५ मिलिमीटरच्या वर उचलू नका, अनवाणी बोट अडकतं. जास्त वळलेल्या कडा विंगेजवळ, जिथे कुणी पाय ठेवत नाही.

कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर लेप दाबला जाऊन सुरकुत्या आणि तडे पडतात.

रंगाबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, हा लांबला.

नवखा_रंगकर्मी

वाह, भेगांचं कधी लक्षातच आलं नव्हतं. गवताचं कसं करायचं? आम्ही मागे कृत्रिम हिरवळ अंथरली होती, ती गालिच्यासारखीच दिसली.

रंगलेप

कारण ती एकाच उंचीची, एकाच रंगाची आणि चकाकणारी असते. तिची चकाकी आधी मारावी लागते, मॅट रंगाचा हलका फवारा, पिवळट आणि तपकिरी, सगळीकडे सारखा नको. मग उलट्या दिशेनं ताठ ब्रश फिरवा. काही जागी कात्रीनं अगदी बुडाशी कापा, वाट दाखवायची तिथे दाबून निजवा. भुईवेडी यांच्या वाळलेल्या गवताला मात्र हिरवळ नकोच. काथ्या आणि अंबाडीचे धागे जुड्या बांधून कॅनव्हासच्या कडेला ओवा. त्या जुड्या दोन तुकड्यांमधला सांधाही झाकतात. खरं वाळलं गवत आणू नका, ते ठिणगीची वाट बघत असतं. काथ्यालाही ज्वालारोधक द्रावण मारा आणि एक जुडी बाहेर नेऊन स्वतः पेटवून खात्री करा. ही द्रावणं बहुधा क्षारांची असतात, पाणी लागलं की धुऊन जातात, म्हणून दमट जागी पुन्हा मारावी लागतात.

आता रंग. मातीचा रंग म्हणजे तपकिरी ही समजूत सोडा. वाळलेल्या गाळाचा वरचा पापुद्रा फिकट, राखाडीकडे झुकलेला असतो. भेगेच्या आत अजून ओल असते म्हणून ती गडद. वाळूत तांबूस किंवा पिवळसर छटा दिसते ती लोहाच्या ऑक्साइडची, आणि आपण रंगपेटीत ज्याला गेरू आणि पिवळी माती म्हणतो तीही लोहाचीच संयुगं. त्यामुळे मी जमिनीसाठी तयार तपकिरी रंग घेतच नाही. गेरू, पिवळी माती, काळा आणि पांढरा या चौघांतून सगळं काढतो. तीन-चार छटा ओल्या असतानाच एकमेकींत मिसळायच्या, वाळल्यावर ब्रश झटकून शिंतोडे, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं फक्त उंचवट्यांवर फिकट हात. शेवटी मॅट लेप, त्यात चिमूटभर बारीक वाळू घातली की पाय घसरत नाही. आपल्या आठवणीतली माती नेहमी खऱ्यापेक्षा जास्त रंगीत असते, म्हणून शेजारी खऱ्या मातीची वाटी ठेवूनच काम करा.

तिरपा उजेड

प्रकाशाच्या बाजूनं दोन गोष्टी, आणि पहिली प्रकाशाची नाहीच, नजरेची आहे.

समजा रंगमंच १ मीटर उंच आहे आणि पहिल्या रांगेत बसलेल्याचा डोळा जमिनीपासून १.१५ मीटरवर, रंगमंचापासून ३ मीटर लांब. म्हणजे त्याचा डोळा तुमच्या जमिनीच्या फक्त १५ सेंटिमीटर वर आहे. पुढच्या कडेलाच कोन ३ अंशांच्या आसपास. त्याला तुमची जमीन दिसत नाही, जमिनीची कड दिसते. पुढच्या कडेला ५ सेंटिमीटरचं ढेकूळ ठेवलंत तर त्याच्या मागची दीड मीटर जागा त्याच्यापुरती नाहीशी होते. बाल्कनीतल्याला मात्र हीच जमीन नकाशासारखी दिसते, त्याला उंचवटे कळत नाहीत, रंगाचे पट्टे कळतात. म्हणून पुढच्या रांगांसाठी उंचसखलपणा आणि वरच्यांसाठी रंग, दोन्ही लागतात. नुसतं रंगवून पुढच्यांना काही मिळत नाही, नुसता आकार देऊन वरच्यांना नाही.

तुमचा झरा पुढच्या कडेपासून ३ मीटर आत आहे. सपाट जमिनीत तो पहिल्या रांगेला जवळजवळ दिसणारच नाही. पूर्ण पात्राला १:२४ चा उतार द्या, पुढे ५ सेंटिमीटर आणि मागे ३०. झऱ्याच्या जागी उंची साडेसतरा सेंटिमीटर येते, म्हणजे १२ सेंटिमीटरचा ट्रे आत आरामात बसतो, आणि पहिल्या रांगेला ती जागा दीडपट उघडी दिसते. यापेक्षा तीव्र उतारावर अनवाणी नटीच्या घोट्यांना रोज त्रास होईल.

दुसरी गोष्ट. समोरून आणि वरून पडणारा प्रकाश जमीन चपटी करतो. एक दिवा विंगेत, जमिनीपासून हातभर उंचीवर, आडवा लावा. प्रत्येक भेगेला एक उजळ कड आणि एक सावली मिळते. रंगलेप यांनी आठ दिवस घालवून केलेलं काम त्या एका दिव्यावर अवलंबून आहे. दिवस कलला हेही त्याच दिव्यानं सांगता येतं, बाजूचा दिवा हळूहळू वाढवायचा आणि वरचे उतरवायचे. फिकट वाळू उजेड परत फेकते, नटांच्या हनुवटीखाली आणि मागच्या पडद्यावरही. वाळूचा पट्टा जेवढा रुंद कराल तेवढा हा उजेड मला आवरावा लागेल, तेव्हा वाळू फार पांढरी नको.

कानोसा

मूळ प्रश्न आवाजाचा होता आणि त्यावर अजून कुणी बोललं नाही. ढब ढब आवाज म्हणजे तुमची लेव्हल, म्हणजे रंगमंचावर उभारलेला लाकडी चौथरा, ढोलकी झाली आहे. वर ताणलेलं पातळ पान, खाली बंद पोकळी.

आधी पान जड आणि घट्ट करा. एका जाड प्लायऐवजी दोन पातळ प्लाय, मध्ये जुना गालिचा किंवा नमदा. खालच्या आडव्या पट्ट्या ३० सेंटिमीटरवर घ्या, ६० वर नको. प्रत्येक सांधा स्क्रूनं आवळा, खिळ्यानं नाही, कारण खिळा ढिला झाला की कुरकुरतो. पोकळीत खनिज लोकर भरा, पण ती पिशवीत बंद करून, तिचे तंतू हवेत यायला नकोत. लेव्हलचे पाय रंगमंचाला टेकतात तिथे रबराचे तुकडे. रंगलेप यांचा फोम वर आला की अनवाणी पावलाचा आवाज जवळजवळ जातो.

पण आवाज नुसता घालवून भागत नाही. निःशब्द जमीनही खोटीच. गोट्यांच्या पट्ट्यात, जिथे पुरुष चपला घालून उतरतो, तिथे दोन-तीन पावलांपुरते उथळ ट्रे बसवा आणि त्यांत खरी बारीक खडी भरा. गोल गोटे मोकळे ठेवू नका, पायाखाली फिरतात आणि घोटा जातो. मोठे गोटे चिकटवलेले, मोकळी फक्त बारीक खडी, ती एकमेकींत अडकते. चित्रपटात पावलांचे आवाज देणारे कलाकार असेच खडीचे, वाळूचे ट्रे घेऊन बसतात. प्रवेशाची पहिली तीन पावलं करकरली की पुढची तीस पावलं प्रेक्षकाचा कान स्वतःच करकरवतो.

अनवाणी

हे वाचून मी माझा आग्रह थोडा मागे घेते. पण एक विनंती. जमीन शेवटच्या दिवशी नटांच्या पायाखाली देऊ नका. निदान वाळूचा एक ट्रे पहिल्या आठवड्यापासून तालमीत ठेवा. त्यावर उभं राहायचं, चालायचं, परत लाकडावर येऊन तेच पाऊल आठवायचं. शरीराला आठवण लागते.

आणि पडायच्या जागी कुणीतरी गुडघ्यांवर रांगत, तळहात फिरवत सगळी जमीन तपासा, प्रत्येक प्रयोगाआधी. स्टेपलरची एक पिन माझ्या तळव्यात शिरली होती. दोन अंक तसेच केले.

भुईवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गेले, पहिला प्रयोग परवा झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

उतार १:२४ चाच ठेवला. खाली नमदा आणि लोकर घातल्यावर आवाज इतका बदलला की पहिल्या दिवशी नट चालता चालता थांबून खाली बघायला लागला. भेगा रंगलेप यांच्या क्रमानं काढल्या. नदी मागच्या उजव्या कोपऱ्यातून पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे वाहते असं ठरवलं आणि एकदा ते ठरल्यावर बाकीचे निर्णय घ्यावेच लागले नाहीत. कुठला दगड कुठे, वाळू कुठे साठेल, गवत कुठे झुकेल, सगळं त्या एका रेषेवरून सुचत गेलं. वाळू विंगेत जाऊ नये म्हणून ट्रेभोवती ओबडधोबड कड केली, ती फोमच्या तुकड्यांत मिसळून गेली.

वाळूचा ट्रे मात्र फसला. पहिल्यांदा कोरडीच वाळू भरली होती. बाई उकरायची आणि कडा ढासळून खड्डा बुजायचा. कोरडी वाळू ३४ अंशांच्या आसपासच थांबते, तिच्यात उभी कड राहूच शकत नाही. मग वाळू ओलसर केली आणि वर फक्त एक-दीड सेंटिमीटर कोरडी पसरली. आता बाईचे हात फिकट वाळूतून गडद वाळूत जातात, कड उभी राहते, नखांत वाळू भरते. त्या रंगबदलावर एका तालमीत सगळे गप्प झाले. पाणी लागण्याआधीच ते कळतं.

पण पाणी! विंगेत उंचावर ५ लिटरची पिशवी, तिथून लेव्हलखालून नळी, ट्रेच्या तळाशी कापडात गुंडाळलेलं भोकांचं भांडं. मदतनिसानं वेळेवर चाप उघडला, पिशवी रिकामी झाली आणि खड्ड्यात थेंब आला नाही. बाईनं ओली वाळू मुठीत पिळून चेहऱ्याला लावली आणि प्रसंग सांभाळला. प्रेक्षकांना कळलं नाही. मला रात्री झोप आली नाही. पुढचा प्रयोग आठ दिवसांवर आहे. भांडं मोठं करू की पिशवी?

विंगेतला

पिशवी मोठी करू नका, वाळू कमी करा. वाळूच्या कणांमध्ये सुमारे ४० टक्के जागा मोकळी असते. तुमच्या ४३ लिटरच्या ट्रेमध्ये तळापासून वरपर्यंत पाणी भरायला १७ लिटर लागतील. तुमचे ५ लिटर सगळ्या ट्रेभर पसरून तळाशी बसले.

बाई जिथे उकरते त्याच जागी ट्रेच्या आत एक गोल, तळ बंद असलेली कुंडी बसवा, ३० सेंटिमीटर व्यासाची, १२ खोल. तिच्यात साडेआठ लिटर वाळू बसते, म्हणजे पोकळी साडेतीन लिटरपेक्षा कमी. भोकांचं भांडं या कुंडीच्या तळाशी, त्यावर तीन बोटं जाड खडी, त्यावर कापड, मग वाळू. खालचा अर्धा भाग प्रयोगाआधीच पाण्यानं पूर्ण भरून ठेवा. मग चाप उघडल्यावर दीड लिटरही पुरेल आणि पाणी कारंज्यासारखं उडणार नाही, सगळीकडून झिरपत वर येईल. चाप तिनं हात घालण्याच्या थोडं आधी उघडायचा, किती आधी ते तालमीत घड्याळ लावून ठरवा.

अनवाणी

आणि ती ओंजळीनं पाणी तोंडाला लावणार असेल तर पाणी पिण्याचं हवं, कुंडी आणि नळी दरवेळी गरम पाण्यानं धुतलेली हवी.

विंगेतला

हो, बरं झालं आठवलंत. प्रयोग संपला की कुंडीतली वाळू त्याच रात्री बाहेर काढा. ओली वाळू बंद ट्रेमध्ये आठ दिवस राहिली तर वास धरते आणि पुढच्या प्रयोगाला बाईचं तोंड त्यावर असणार आहे. धुऊन कडक उन्हात पातळ पसरा, पूर्ण वाळली की झाकणाच्या डब्यात. दोन कुंड्याभर वाळू जवळ ठेवा, एक वापरात आणि एक उन्हात.

भुईवेडी

कुंडी मिळाली, ३० चीच. उद्या संध्याकाळी तालमीत बसवते आणि चाप उघडल्यापासून पाणी दिसेपर्यंतचे सेकंद मोजून इथेच लिहिते.